जुन्या बुटातला राखणदार

लंडनमध्ये एक शाकाहारी खाणावळ होती. निदान आर्थर मॅकनच्या कथेत तरी होती. मसूर आणि सुकामेवा कुटून केलेले, मांसाचं सोंग घेतलेले कटलेट तिथे मिळायचे आणि प्रत्येक ताटलीवर निळ्या रंगात संत जॉर्जचं चित्र असायचं, सोबत लॅटिनमधलं एक प्रार्थनेचं वाक्य. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेतला एक शिपाई समोरून जर्मनांच्या रांगांवर रांगा येताना बघतो, तेव्हा त्याला आठवते ती ही ताटली. आई नाही, प्रेयसी नाही, राजा तर नाहीच. गंमत म्हणून तो ते वाक्य पुटपुटतो. मग आरोळ्या ऐकू येतात, खंदकापलीकडे उजळ आकृत्यांची रांग दिसते आणि जर्मन शिपाई पटापट पडू लागतात. १४१५ साली आजिनकोर्टला लढलेले धनुर्धारी मदतीला आलेले असतात. पडलेल्यांच्या अंगावर एकही जखम नाही. जर्मन सेनापती शास्त्रीय वृत्तीचे. इंग्रजांनी कसला तरी अज्ञात वायू वापरला असणार, असा निष्कर्ष काढून ते मोकळे होतात.

ही कथा २९ सप्टेंबर १९१४ ला लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज' या दैनिकात छापून आली. मॅकन तिथेच नोकरीला होता. कथा तशी बेताचीच, आणि हे खुद्द त्यालाही ठाऊक होतं. पुढे जे झालं ते मात्र कथेहून अद्भुत. चर्चची मासिकं ती पुन्हा छापायची परवानगी मागू लागली. एका धर्मगुरूने तिची पुस्तिका काढायचं ठरवलं आणि मॅकनलाच छोटी प्रस्तावना मागितली, घटनेचे नेमके आधार देणारी. मॅकनने कळवलं की आधार कसले, सगळं मीच रचलंय. उलट टपाली उत्तर आलं, आपलीच काही गफलत होत असावी. मूळ घटना खरीच असणार, आपण फक्त ती फुलवली असेल. १९१५ च्या मध्यापर्यंत धनुर्धाऱ्यांचे देवदूत झाले होते आणि 'ओळखीतल्या एका अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं' असं सांगणारी माणसं जिकडेतिकडे निघाली होती. वैतागून मॅकनने त्याच वर्षी कथेचं पुस्तक काढलं आणि त्याला लांबलचक प्रस्तावना जोडली, हे सारं माझ्या डोक्यातून निघालंय एवढंच सांगणारी. लोकांनी कथा वाचली, प्रस्तावना सोडून दिली. युद्धकाळातल्या अद्भुतकथांच्या अनुवादित संग्रहाची प्रस्तावना लिहायला बसलेल्याने हा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा.

चालू युद्धात घडणारी अद्भुतकथा ही अफवेची सख्खी बहीण आहे. आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. जैसलमेरजवळच्या तनोट माता मंदिरावर १९६५ च्या युद्धात पडलेले तोफगोळे फुटलेच नाहीत असं सांगतात; ते गोळे आजही मंदिरात मांडून ठेवलेत आणि मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. नथुलाजवळ १९६८ साली मरण पावलेल्या हरभजन सिंग या जवानाचं ठाणं आहे. त्याचा बिछाना रोज घातला जातो, गणवेशाला इस्त्री होते, आणि कित्येक वर्षं त्याच्या वार्षिक रजेसाठी रेल्वेत बर्थ राखून ठेवला जायचा. रिकाम्या बर्थकडे बघत रात्रभर प्रवास करणारा समोरचा प्रवासी, ही कथा कुणी तरी लिहायलाच हवी. आणखी मागे जायचं तर पानिपत. १७६१ ला भाऊसाहेब पडले, पण पुणं ते कबूल करायला तयार नव्हतं. पंधरा वर्षांनी, १७७६ साली, भाऊंच्या तोतयाला देहदंड झाला तोवर त्याच्या मागे फौज उभी राहिली होती, किल्ले त्याच्या हाती गेले होते. 'परत येईल' या एका इच्छेवर एवढं बंड उभं राहिलं.

मग अफवा आणि कथा यांत फरक काय? कथा आपण खोटी असल्याचं आधीच कबूल करते, हे नेहमीचं उत्तर. मला ते पुरेसं वाटत नाही. संग्रहासाठी पुस्तकं चाळता चाळता माझ्यापुरती एक खूण सापडली. अफवेतला चमत्कार उपयोगी पडतो. गोळे फुटत नाहीत, शत्रू पळतो, गेलेला माणूस घोड्यावर बसून परत येतो. चांगल्या कथेतला चमत्कार घडतो, अगदी खराखुरा घडतो, आणि लढाई होती तिथेच असते. मॅकनची कथा बेताची राहिली ती याचमुळे, असं मी म्हणेन. तिच्यातले धनुर्धारी फार कामाचे आहेत.

या प्रकारातली आपली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी कथा महाभारतात आहे. ब्रह्मास्त्रांच्या आतषबाजीत नाही, पार शेवटाकडे, आश्रमवासिक पर्वात. युद्ध होऊन पंधराएक वर्षं लोटलीत. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात राहायला गेलेत. व्यास विचारतात, काय हवंय? मेलेली मुलं एकदा बघायचीत. रात्री व्यास गंगेत उतरून हाक मारतात आणि पाण्यातून दोन्हीकडचे वीर वर येतात, दुर्योधन, कर्ण, अभिमन्यू, सगळे. वैर उरलेलं नाही. आयुष्यभर आंधळा राहिलेला बाप आपल्या मुलांचे चेहरे तेव्हा पहिल्यांदा बघतो. रात्रभर माणसं एकमेकांना भेटतात, बोलतात. पहाटे सगळे पुन्हा पाण्यात जातात. ज्या विधवांना सोबत जायचं होतं त्या गंगेत उतरल्या. बस. राज्य कुणाचं, कोण जिंकलं, यात काडीचाही बदल नाही. विसाव्या शतकात या वाटेने जे जे चांगलं लिहिलं गेलं, ते कळत-नकळत या एका रात्रीच्या जवळपास फिरतं.

अर्थात महाभारतातलं युद्ध तेव्हा संपलेलं होतं. या संग्रहासाठी आम्ही अट घातली ती वेगळी: कथा ज्या युद्धात घडते ते युद्ध, ती लिहिली जात असताना, चालू असलं पाहिजे. अट वरवर किरकोळ दिसते, पण तिने अर्धं कपाट रिकामं केलं. कर्ट व्हॉनेगटने ड्रेस्डेनचा अग्निप्रलय फेब्रुवारी १९४५ मध्ये युद्धकैदी म्हणून पाहिला आणि 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' प्रसिद्ध झाली १९६९ साली. ग्युंटर ग्रासचा वाढायचं नाकारणारा, पत्र्याचा ढोल बडवणारा पोरगा आला १९५९ मध्ये. दोन्ही थोर पुस्तकं, पण लेखकांना शेवट माहीत होता. तळघरात मेणबत्तीपाशी लिहिणाऱ्याला तो माहीत नसतो. उद्या हे शहर कुणाचं, हे ठाऊक नसताना घातलेल्या पूर्णविरामाचा रंग वेगळा असतो, आणि तो रंगच आम्हाला हवा होता.

अशा कथांची पहिली मोठी पिढी दुसऱ्या महायुद्धातली. तिच्यात तीन वळणं स्पष्ट दिसतात आणि तिन्ही आजही चालू आहेत.

पहिलं वळण घराचं. एलिझाबेथ बोवेन ही आयरिश लेखिका बॉम्बवर्षावाच्या काळात लंडनमध्येच राहत होती. तिच्या 'द डीमन लव्हर' या कथेत एक मध्यमवयीन बाई बंद करून ठेवलेल्या घरात चार वस्तू न्यायला येते आणि टेबलावर तिला एक पत्र दिसतं. आदल्या महायुद्धात मेलेल्या तिच्या वाग्दत्त वराचं. ठरलेला दिवस आज आहे, एवढंच त्यात लिहिलंय. भूत नवं नाही, पण एका युद्धाने दुसऱ्या युद्धाच्या रिकाम्या घरात पत्र टाकावं, ही कल्पना फक्त त्याच काळात सुचू शकत होती.

दुसरं वळण कचेरीचं, आणि हे माझं लाडकं. नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये पाव, लोणी, कोळसा सगळं रेशनवर होतं. मार्सेल एमेने 'ला कार्त' या कथेत आयुष्यच रेशनवर आणलं. सरकार ठरवतं की जे समाजाच्या कामाचे नाहीत त्यांनी महिन्यातले ठरावीकच दिवस जगायचं. म्हातारे, कलावंत, ज्यू, आणि कथा सांगणारा लेखकही. कोटा संपला की माणूस अंथरुणातून नाहीसा होतो आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा हजर. मग अपेक्षेप्रमाणे काळा बाजार सुरू होतो. गरीब आपले दिवस विकतात, श्रीमंत ते घेऊन एका महिन्यात तीसपेक्षा जास्त दिवस जगतात. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ही कथा समजावून सांगावी लागत नाही. ज्यूंच्या वाट्याला महिन्याला अर्धा दिवस, हे एमे जाता जाता लिहून जातो. त्याच वेळी त्याच शहरातून खऱ्या गाड्या भरून निघत होत्या.

तिसरं वळण थांबलेल्या काळाचं. होर्हे लुईस बोर्हेसची 'गुप्त चमत्कार' ही कथा १९४३ साली अर्जेंटिनात छापली गेली. ती घडते चार वर्षं आधी प्रागमध्ये. गेस्टापोने पकडलेला एक ज्यू नाटककार देवाकडे एक वर्ष मागतो, अर्धवट नाटक पुरं करायला. गोळीबाराच्या पथकासमोर उभा असताना जग थिजतं. गालावर पावसाचा थेंब अडलेला, फरशीवर मधमाशीची सावली चिकटलेली, सिगारेटचा धूर जागच्या जागी. एक वर्षभर तो मनातल्या मनात नाटक लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. शेवटचं विशेषण सापडतं आणि थेंब ओघळतो. गोळ्या ठरल्या वेळीच सुटतात. बोर्हेस युद्धापासून अर्धी पृथ्वी दूर होता, त्याने खंदक पाहिलेला नव्हता, आणि तरी या प्रकारातली ही सर्वांत निर्दोष कथा त्याची आहे. 'अनुभवाशिवाय लिहू नये' म्हणणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवतो. उलट बाजूने हेही खरं की दुरून लिहिणाऱ्या दहांपैकी नऊ जण दुसऱ्याच्या रक्ताची रांगोळी काढतात.

पुढची मोठी वसाहत बगदादची. २००३ च्या आक्रमणानंतर इराकमध्ये जी यादवी माजली तिने अरबी कथेचा चेहराच बदलला. हसन ब्लासिम देश सोडून अनेक वर्षं भटकत फिनलंडला पोचला आणि अरबीतून लिहीत राहिला. 'प्रेतांचं प्रदर्शन' या कथेत नोकरीची मुलाखत चालली आहे: संस्थेचं काम माणसं मारून त्यांची प्रेतं शहरात कलात्मक रीतीने मांडण्याचं, आणि साहेब उमेदवाराला सौंदर्यदृष्टीचं महत्त्व समजावून सांगतोय. एमेची कचेरी इथे खाटीकखान्यात आली आहे. याच ब्लासिमने २०१६ मध्ये इराकी लेखकांना आक्रमणानंतर शंभर वर्षांनी, म्हणजे २१०३ साली, तुमचं शहर कसं असेल ते लिहा असं सांगून एक संग्रह काढला. २०१९ मध्ये बस्मा घलायिनी यांनी त्याच धर्तीवर पॅलेस्टिनी लेखकांचा संग्रह केला, साल २०४८. भविष्यकथेचं निमित्त, पण वाचताना कळतं की इतकी वर्षं पुढे उडी मारूनही ती माणसं त्याच तपासणी नाक्यावर उभी आहेत.

अहमद सादावीची 'फ्रँकेन्स्टाइन इन बगदाद' (२०१३) ही कादंबरी असल्याने या संग्रहात नाही, पण तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००५ चं बगदाद, बतावीन हा जुना मोहल्ला. हादी नावाचा भंगारवाला बॉम्बस्फोटांनंतर रस्त्यावर सापडलेले अवयव गोळा करून शिवतो. का, तर पुरं शरीर झालं की ते रीतसर दफन करता येईल. एका भटक्या आत्म्याला ते रिकामं शरीर सापडतं आणि ते उठून चालू लागतं. ज्याचा हात त्याच्या मारेकऱ्याचा सूड घेतला की हात गळून पडतो, मग नवा हात लागतो, निरपराधांचं मांस संपलं की गुन्हेगारांचं, शेवटी कोणाचंही. सूड हा प्रकार आतून कसा चालतो, याचं इतकं सोपं यंत्र दुसऱ्या कुणी बनवलेलं मला माहीत नाही. त्याच मोहल्ल्यात एक ख्रिश्चन म्हातारी राहते. इराण-इराक युद्धात नाहीशा झालेल्या मुलाची ती वीस वर्षं वाट बघतेय आणि दारात आलेल्या त्या राक्षसालाच मुलगा म्हणून घरात घेते. दिवाणखान्यातल्या एका तसबिरीशी ती रोज भांडते, नवस बोलते. तसबीर संत जॉर्जची आहे. मॅकनच्या ताटलीवर होता तोच संत. इथे मात्र त्याच्या मागून धनुर्धारी येत नाहीत.

बगदादचा आपल्याशी एक विसरलेला धागा आहे. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला थबकलेली आणि मग कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेली ब्रिटिश फौज म्हणजे सहावी, पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला ती शरण गेली. इंग्रजांना त्यांच्या माघारीत देवदूत मिळाले. कुतच्या तटावर सातारा-रत्नागिरीकडच्या किती जणांनी कुणाचा धावा केला असेल, कुणाला भैरोबा घोड्यावर दिसला असेल, ते लिहायला मराठीत तेव्हा कुणी मॅकन नव्हता.

आता युक्रेन. संग्रहाचा मोठा भाग तिथलाच, आणि त्याचं कारण फक्त ताजेपणा नाही. त्या भूमीत अद्भुतकथा ही शहरी लेखकाची लहर नाही, गावाकडचं सामान आहे. पोल्ताव्हाकडच्या गोगोलने १८३१-३२ मध्ये दिकान्काच्या गोष्टी लिहिल्या त्या सैतान, चेटकिणी आणि जलपऱ्यांनी भरलेल्या. खारकिव्हजवळच्या क्वित्का-ओस्नोव्यानेंकोची 'कोनोतोपची चेटकीण' १८३० च्या दशकातली. तिच्यात एक शतपती मोहिमेवर निघायचा हुकूम बाजूला सारतो आणि गावातल्या बायकांना तळ्यात बुडवून चेटकिणी कोण ते तपासत बसतो. लेस्या उक्राइन्काच्या 'वनगीत' या १९११ च्या नाटकात रानातली मावका माणसाच्या प्रेमात पडते.

हे सामान पुन्हा बाहेर कसं आलं, ते बघण्यासारखं आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा आत घुसल्या. काही दिवसांतच कोनोतोपमधला एक व्हिडिओ जगभर फिरला: रस्त्यात उभ्या चिलखती गाडीवरच्या रशियन शिपायाला एक बाई विचारते की तू कुठे आलायस ठाऊक आहे का, इथली दर दुसरी बाई चेटकीण आहे. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, जी मुळात गावाची टर उडवायला लिहिली होती, तिचंच त्या बाईने हत्यार केलं. पुढच्या वर्षी कीव्हच्या इव्हान फ्रांको नाट्यगृहाने ती रंगमंचावर आणली आणि तिकिटं मिळेनाशी झाली. युद्धाच्या त्याच पहिल्या आठवड्यात 'कीव्हचं भूत' हा अजिंक्य वैमानिकही जन्माला आला. त्याच वर्षी एप्रिलअखेरीस युक्रेनच्याच हवाई दलाने सांगितलं की असा कुणी नाही, ती लोकांनी रचलेली दंतकथा आहे. मॅकनच्या प्रस्तावनेपेक्षा या खुलाशाचं नशीब बरं, एवढंच.

पण कथालेखकांनी त्या भुताच्या मागे न जाता दुसरीकडे पाहिलं. खारकिव्हमध्ये 'स्लोवो' नावाची एक इमारत आहे, १९२० च्या दशकाच्या अखेरीस लेखकांसाठी बांधलेली. तिच्यात राहिलेल्या लेखकांपैकी कितीतरी जणांना पुढच्या दशकात स्टालिनच्या पोलिसांनी नेलं आणि गोळ्या घातल्या. मार्च २०२२ मध्ये रशियन माऱ्याने तिची पडझड केली. भुताने पछाडलेली इमारत कल्पनेने रचावी लागत नाही अशी ही जागा. आणि व्होलोदिमिर वाकुलेंकोची हकीकत तर परीकथेच्या साच्यातून काढल्यासारखी, फक्त शेवट उलटा. तो मुलांसाठी लिहायचा. इझ्यूमजवळच्या कापितोलिव्का गावात रशियन शिपाई आले तेव्हा त्याने आपली रोजनिशी बागेत चेरीच्या झाडाखाली पुरली. मार्च २०२२ मध्ये त्याला घेऊन गेले, मारलं. सप्टेंबरात गाव मोकळं झाल्यावर व्हिक्टोरिया अमेलिना ही कादंबरीकार तिथे गेली आणि तिने ती वही जमिनीतून काढली. २०२३ च्या जूनमध्ये क्रामातोर्स्कच्या एका उपाहारगृहावर क्षेपणास्त्र पडलं. अमेलिना त्यात जखमी झाली आणि १ जुलैला गेली. झाडाखाली पुरलेलं धन शोधणाऱ्याला मिळतं, इथवर गोष्ट नियमाप्रमाणे चालते. २३ मे २०२४ ला खारकिव्हमधल्या एका मोठ्या छापखान्यावर हल्ला झाला, सात कामगार गेले, पन्नासएक हजार पुस्तकं जळाली. मुलांचीही होती त्यांत.

एवढं वाचून अद्भुतकथा म्हणजे पीडितांची बाजू असा समज होईल, तर थांबा. फ्योदोर बेरेझिन हा दोनेत्स्कचा रशियन भाषेत लिहिणारा कल्पितकथालेखक. २००९ साली त्याने युक्रेनच्या भूमीवर पेटणाऱ्या युद्धाची कादंबरी लिहिली. नावातच साल होतं, २०१०. चार वर्षांचा उशीर झाला; २०१४ मध्ये तो स्वतः दोनेत्स्कच्या बंडखोर सरकारात उपसंरक्षणमंत्री झाला. भूतकाळात जाऊन साम्राज्य वाचवणाऱ्या वीरांच्या गोष्टींनी रशियातली दुकानं त्या आधीची कित्येक वर्षं भरून गेली होती. युद्ध कागदावर आधी रंगवून, सरावून मग मैदानात उतरवता येतं. अद्भुतकथा निरागस असते असं मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि दुसऱ्या बाजूलाही मोह आहेच. युक्रेनमध्ये रशियन शिपायांना सर्रास 'ऑर्क' म्हणतात, टॉल्किनच्या कादंबऱ्यांतल्या त्या कुरूप सैन्यावरून. ज्याच्या घरावर रॉकेट पडलंय त्याने शत्रूला काय म्हणावं हे पुण्यात बसून मी ठरवणार नाही. मात्र कथा म्हणून बघितलं तर ऑर्क आला की गोष्ट झोपते. ऑर्कला आई नसते, गाव नसतं, तो कुणाच्या स्वप्नात येत नाही. आलेल्या कथांपैकी काही आम्ही केवळ या कारणासाठी परत केल्या. निवडलेल्यांत शत्रू आहे, क्रूर आहे, पण माणूस आहे, म्हणूनच त्याची भीती वाटते.

हे सगळं मराठीत आत्ता कशाला, हा प्रश्न आम्हाला कागदाचा भाव विचारायला गेलो तिथेही विचारला गेला. मराठीला अद्भुताचं वावडं कधीच नव्हतं. 'मुक्तामाला' १८६१ ची. नाथमाधवांचा 'वीरधवल', जी. एं.च्या दृष्टांतकथा, धारप, मतकरी, हा वारसा लहान नाही. युद्धाचं मात्र आपल्याकडे गीत झालं, पोवाडा झाला, शौर्यकथा झाली. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची, युद्धाच्या उंबरठ्यावरची. पण ती एकटीच राहिली. अद्भुत आणि युद्ध या दोन खोल्यांमधलं दार आपण उघडलंच नाही. कारण उघड आहे: एकोणिसाव्या शतकानंतर तोफा आमच्या अंगणात फारशा आल्या नाहीत. युद्ध आम्ही रेडिओवर ऐकलं, मग टीव्हीवर पाहिलं. आता ते खिशात आहे. धृतराष्ट्राने नाकारलेली आणि संजयाने घेतलेली दिव्यदृष्टी पाच इंचांच्या काचेत आली, आणि तिने कुणी शहाणं झालं असं काही दिसत नाही. ड्रोनने वरून टिपलेला, हात वर करून बघणारा माणूस आपण जेवताना पाहतो आणि बोटाने वर सरकवतो. तो माणूस त्या क्षणी काय बघत होता, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे अद्भुतकथेचं काम सुरू होतं.

अनुवादात सगळ्यात जास्त भांडणं भुतांवरून झाली. मावकेचंच घ्या. कार्पेथियन डोंगरांत तिला पाठ नसते असं मानतात. समोरून देखणी, मागून पाहिलं तर आतडी दिसतात. आमच्यातली एक जण वाचता वाचता म्हणाली, "अगं बाई, ही तर हडळ!" खरंच, समोरून भरलेली आणि मागून सापळा असलेली हडळ आपल्याकडे आहेच. पण हडळ म्हटलं की मराठी वाचक दचकतो. मावकेसाठी युक्रेनियन वाचक हळहळतो. शेवटी मावका तशीच ठेवली. पाण्यातल्या रुसाल्कांना मात्र 'आसरा' म्हणून बघितलं आणि ते इतकं चपखल बसलं की टीप द्यावी लागली नाही.

खरा घोळ घातला दोमोविकने. हा घरातला म्हातारा, चुलीमागे राहणारा, घरच्यांवर नजर ठेवणारा. पूर्व स्लाव लोकांत अशी रीत होती की घर बदलताना त्याला बोलावून सोबत न्यायचं. कुठे जुन्या चुलीतले निखारे मडक्यात भरून, कुठे जुन्या बुटात बसवून. खारकिव्हच्या साल्तिव्का भागातल्या उंच इमारती २०२२ मध्ये रोज माऱ्याखाली होत्या. तिथून निघालेल्या माणसांनी एका पिशवीत कागदपत्रं, एका हातात मांजर, असं काय काय नेलं. बूट न्यायचा की नाही, हा प्रश्न या संग्रहातल्या एकाहून अधिक कथांत येतो, आणि कुणी कुणाचं वाचून लिहिलेलं नाही. आम्ही त्याला 'राखणदार' म्हटलं. सावंतवाडीकडच्या मित्राने लगेच आक्षेप घेतला: राखणदार गावाच्या सीमेचा, तो माणसाबरोबर जात नाही, माणूसच वर्षातून एकदा मुंबईहून येऊन त्याच्यापुढे नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो. बरोबर होतं त्याचं. तरी शब्द ठेवला. जागेला बांधलेला देव बुटात घालून न्यावा लागतोय, ही अडचण त्या चुकीच्या शब्दानेच नीट कळते, असं मला वाटलं. दोष माझा.

या पुस्तकातून युक्रेन समजेल किंवा इराक समजेल, असा दावा नाही. त्यासाठी इतिहासाची पुस्तकं वाचावीत. क्रमही देशवार किंवा सालवार लावलेला नाही. एमेच्या शेजारी ब्लासिम येईल, बोवेनच्या बंद घरानंतर साल्तिव्कामधलं घर. एकमेकांचं नावही न ऐकलेली माणसं शेजारी शेजारी बसली की काय बोलतात, ते ऐकायचं होतं. रेंगाळत वाचावं. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त कथा वाचू नयेत, हा अनुभवाचा सल्ला.

मुद्रितं तपासून झाल्यावर ती मी आमच्या कॉलनीतल्या एका मुलाला वाचायला दिली. तो खारकिव्हला डॉक्टरकी शिकायला होता आणि २०२२ च्या मार्चमध्ये इतर हजारो भारतीय विद्यार्थ्यांबरोबर परत आला. ते आठ-दहा दिवस त्याची आई फोन देवघरातच चार्जिंगला लावून बसायची, रेंज तिथे चांगली येते म्हणून, असं ती सांगते. मुलगा अद्भुत वगैरे वाचणारा नाही. कथा कशा वाटल्या त्यावर तो फारसं बोलला नाही. दोमोविकच्या पानावर मात्र त्याने बोट ठेवलं. त्यांच्या हॉस्टेलच्या चौथ्या मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर होतं आणि साफसफाईला येणारी म्हातारी शेगडीमागे बशीत थोडं दूध ठेवायची. तळघरात राहायची वेळ आली तेव्हाही ती भोंगा थांबला की वर जाऊन बशी भरून यायची. मुलांना वाटायचं, मांजरासाठी असेल.

हॉस्टेलमध्ये मांजर होतं का, असं मी विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला.